दुखणे थांबल्यानंतर

त्या दिवशीची तपासणी अगदी थोडक्यात आटोपली. डॉक्टरांनी माझी फाइल उघडली, सोनोग्राफीचा अहवाल चाळला आणि विचारले, "आता दुखणं कसं आहे?" मी म्हणाले, "दुखत नाही. पाळीच येत नाही, त्यामुळे ते दिवसही उरले नाहीत." त्यांच्या चेहऱ्यावर मनापासूनचे समाधान उमटले. पाय पोटाशी घेऊन, ओठ दाताखाली धरून तपासणीच्या टेबलावर पडलेली मी त्यांनी पाहिलेली होती, त्यामुळे ते समाधान खरे होते. त्यांनी फाइलमध्ये एक ओळ लिहिली, खाली तारीख घातली आणि इंजेक्शन पुढे चालू ठेवायचे ठरले. आमच्या बोलण्यातला शब्द न् शब्द खरा होता, तरीही जिना उतरताना मनात काहीतरी सलत राहिले. आदल्या रात्री मी घामाने भिजून पुन्हा पुन्हा उठले होते. सकाळी कपाटाचे दार नीट लागत नाही एवढ्या कारणावरून मला रडू कोसळले होते. दुपारी, रोज ज्याच्याशी बोलते त्या सहकाऱ्याचे नाव मला आठवेना आणि ते आठवत नाही हे लपवण्यासाठी मी वाक्यच बदलून टाकले होते. यांपैकी कशाबद्दलही प्रश्न आला नाही. आणि जिने इतकी वर्षे दुखणे थांबावे एवढेच मागितले, तिने ते थांबल्यावर लगेच दुसरी तक्रार पुढे करावी, हे त्या खुर्चीत बसून माझे मलाच जड गेले.

दुखणे थांबले होते, आणि मी बरी नव्हते.

एंडोमेट्रिओसिसचे दुखणे ज्यांनी सोसले आहे त्यांना त्याचे वर्णन नको असते, आणि ज्यांनी सोसलेले नाही त्यांना ते कितीही सांगितले तरी अपुरेच पडते. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे ऊतक बाहेर, अंडाशयावर, पोटाच्या आवरणावर, कधी आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या भिंतीवर रुजते, पाळीच्या चक्राबरोबर तेही सुजते आणि आजूबाजूचे अवयव हळूहळू एकमेकांना चिकटू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना आणि मुलींना हा आजार आहे, म्हणजे जगभरात जवळजवळ १९ कोटी जणींना. तरीही निदान व्हायला वर्षानुवर्षे जातात, कारण पाळीत दुखायचेच, हे वाक्य प्रत्येक घरात आणि पुष्कळशा दवाखान्यांतही तयार असते. माझ्या बाबतीतही ते वाक्य बरीच वर्षे पुरले. शेवटी लॅप्रोस्कोपी झाली, अंडाशयातली चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, काढली गेली, चिकटलेले भाग सोडवले गेले, आणि मला वाटले की आता हे प्रकरण मिटले. पण शस्त्रक्रियेने आजाराची जागा साफ होते, त्याला पोसणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक तसेच राहते. ते तसेच ठेवले तर अनेकींमध्ये सिस्ट आणि दुखणे पुन्हा उभे राहते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर संप्रेरकांचे उपचार, असे मला समजावून सांगण्यात आले आणि ते मला पटलेही. आजही पटते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणी गोळ्या-इंजेक्शने फेकून द्यावीत असे मला मुळीच वाटत नाही.

पहिले इंजेक्शन ल्युप्रोलाइडचे होते. सिस्टरने कोरडी पांढरी पावडर आणि तिच्याबरोबरचा द्रव एकत्र केला, सिरिंज दोन बोटांत धरून हळूहळू हलवली, उजेडाकडे धरून पाहिली आणि पुन्हा हलवली. आतले मिश्रण दुधाळ झाले. एवढ्याशा पांढुरक्या द्रवात माझी दोन्ही अंडाशये महिनाभर गप्प करण्याची ताकद आहे, हे त्या क्षणी खरे वाटत नव्हते. कमरेखाली सुई टोचल्यावर तो भाग थोडा वेळ जड झाला, इतकेच. सिस्टर म्हणाली, "आता पाळीची कटकट नाही हं काही महिने," आणि मीही हसले. त्या हसण्यात सुटका होती. आपल्या शरीरातले काहीतरी बंद पडणार आहे, या विचाराची भीती त्या वेळी माझ्या मनाला शिवलीही नव्हती.

हे औषध कसे काम करते ते मी नंतर वाचले, आणि माझ्या त्या महिन्यांत मला सर्वांत जास्त आधार या वाचनाने दिला. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच नावाचे दहा अमिनो आम्लांचे एक छोटेसे संप्रेरक निघते. ते पिट्युटरी ग्रंथीला जागे करते, पिट्युटरी अंडाशयांना जागे करते आणि अंडाशये इस्ट्रोजेन तयार करतात. १९७१ साली या रेणूची रचना उलगडली. ती उलगडण्याच्या शर्यतीत अँड्र्यू शॅली यांच्या गटाने डुकरांचे आणि रॉजर गिलमॅं यांच्या गटाने मेंढ्यांचे लाखो हायपोथॅलॅमस तपासले होते, आणि १९७७ साली दोघांनाही नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मला मात्र त्यापुढचा शोध अधिक विलक्षण वाटतो. हा संदेश मेंदू सलग पाठवत नाही, तासा-दीड तासाच्या अंतराने, झटक्याझटक्याने पाठवतो. १९७८ साली रीसस माकडांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की तोच संदेश अखंड चालू ठेवला तर पिट्युटरी थंडावते, आणि पुन्हा तासाला एकदा दिला की कामाला लागते. अखंड वाजत राहणारी घंटा काही वेळाने ऐकूच येईनाशी व्हावी, तसे हे आहे. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही सगळी औषधे हेच करतात: ती आधी हाक मोठी करतात आणि मग ती ऐकणारा कान बंद होतो.

म्हणूनच पहिले दिवस उलटे जातात. पिट्युटरी थंडावण्याआधी ती काही काळ भडकते, इस्ट्रोजेन वाढते आणि साधारण पहिल्या एक-दोन आठवड्यांत दुखणे कमी होण्याऐवजी उसळू शकते. मला हे कोणी सांगितले नव्हते. मी गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून बसले होते आणि उपचार चुकला, आता कशानेच काही होणार नाही, असे ठामपणे मानून चालले होते. एका वाक्याची पूर्वसूचना मिळाली असती तर तेच दुखणे मी पुष्कळ शांतपणे सोसले असते. दुखण्याची तीव्रता तेवढीच राहिली असती, पण त्याच्याभोवती उभी राहिलेली निराशा राहिली नसती. औषधांच्या दुष्परिणामांबद्दल रुग्णाला फार सांगितले तर ती घाबरेल, असा एक समज आहे. माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. न सांगितलेल्या गोष्टीच मला घाबरवून गेल्या.

मग तो उसळलेला काळ ओसरला आणि उष्णतेच्या लाटा सुरू झाल्या.

त्या कशा येतात हे मला आता झोपेतही सांगता येईल. आधी काही क्षण मन कारण नसताना अस्वस्थ होते, छातीत धडधड वाढते, काहीतरी होणार आहे असे वाटते. मग छातीच्या मध्यावरून उष्णता वर चढू लागते, मान, कानांच्या पाळ्या, कपाळ. चेहरा लाल झाल्याचे समोरच्याच्या डोळ्यांत दिसते. वरच्या ओठावर, केसांच्या मुळाशी, पाठीच्या पन्हळीत घाम फुटतो. मिनिटाभरात अंगावरचा कपडा नकोसा होतो, आणि तो बाजूला केला की थोड्या वेळाने हुडहुडी भरते, कारण शरीराने तोवर गरजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर टाकलेली असते. इस्ट्रोजेन कमी झाले की मेंदूतले तापमानाचे नियंत्रण फार हळवे होते. एरवी ज्या किरकोळ चढउताराकडे त्याने लक्षही दिले नसते, त्याला ते संकट समजते आणि कातडीखालच्या रक्तवाहिन्या भराभर उघडते. हे कळल्यावर लाटा कमी झाल्या नाहीत, पण त्या आल्या की मी माझ्या शरीरावर चिडेनाशी झाले. सैल सुती कपड्यांचे एकावर एक थर, उशाशी कोरडा सदरा आणि पंचा, झोपताना पायांवरून सहज भिरकावता येईल असे पांघरूण, या साध्या गोष्टींनी रात्री थोड्या सुसह्य झाल्या. लाट चढू लागली की श्वास लांबवत न्यायचा, तिच्याशी झगडायचे नाही, हेही जमू लागले.

त्या काळात काही दिवस मी आईकडे राहिले होते. एका रात्री मी उठून बसले होते, सदरा पाठीला चिकटला होता. दिवा न लावता आई आत आली, खिडकी उघडली आणि माझ्या मानेवरचे केस वर धरून उभी राहिली. किती वेळ कोण जाणे. मग म्हणाली, "मलाही असंच व्हायचं." मी विचारले, "कधी?" ती म्हणाली, "तू कॉलेजात होतीस तेव्हा. दोन-तीन वर्षं तरी." मला एकदम त्या वर्षांतली आई आठवली, रात्री गॅलरीत खुर्ची टाकून बसलेली. तेव्हा वाटायचे, तिला झोप येत नसेल. तिने कधी काही सांगितले नाही आणि आमच्यापैकी कोणी विचारले नाही. त्या रात्री आम्ही दोघी बराच वेळ बोलत राहिलो, आणि आमच्या वयांमधले अंतर काही काळ राहिलेच नाही. तिचे शरीर काही वर्षे घेत, टप्प्याटप्प्याने जिथे पोहोचले होते, तिथे माझे शरीर काही आठवड्यांत नेऊन ठेवले होते. फरक एवढाच की तिच्यासाठी तो शेवट होता आणि माझ्यासाठी मध्यंतर. झोपायला जाताना तिने हळूच विचारले, "तुझं परत सुरू होईल ना गं सगळं?" मी म्हणाले, "होईल, औषध थांबलं की होतं." हे मला डॉक्टरांनी सांगितले होते आणि ते खरे होते. तरी माझा आवाज थोडा हलला.

शरीराचे हे सगळे मी सोसू शकत होते. ज्याने मला आतून हलवले ते मनाचे होते. पाळीच्या दुखण्याला निदान तारीख होती. ते कधी येणार, कुठून सुरू होणार, कंबरेतून मांडीत कसे उतरणार हे ठाऊक होते, आणि ते माझ्यावर चालून येते, ते म्हणजे मी नव्हे, हे स्पष्ट होते. या उदासीला अशी सीमा नव्हती. सकाळी जाग येताच सगळे निरर्थक वाटे, आणि ते वाटणे औषधातून आले आहे अशी चिठ्ठी त्याला लावलेली नसे. ते माझाच विचार म्हणून, माझ्याच आवाजात येत असे. कोणी प्रेमाने काही विचारले तरी डोळे भरून येत, आणि पाच मिनिटांनी त्याच माणसावर मी तोडून बोलत असे. वाचायला घेतलेल्या पानावरची ओळ तिसऱ्यांदा वाचूनही डोक्यात शिरत नसे. यातले किती औषधाचे, किती अर्धवट झोपेचे, किती इतक्या वर्षांच्या थकव्याचे आणि किती मुळातच माझ्या स्वभावाचे, हे मला वेगळे करता येत नव्हते. आपण कोण आहोत याबद्दलची खात्री अशी हळूहळू झिजत जाणे फार भयंकर असते, आणि त्याबद्दल बोलायला तपासणीच्या खोलीत शब्द सापडत नाहीत, कारण तिथला पहिला प्रश्न दुखण्याचा असतो.

जवळिकीबद्दलही तितक्याच मोकळेपणाने लिहायला हवे. एंडोमेट्रिओसिसमुळे शरीरसंबंध आधीच दुखरे झालेले असतात. उपचारांनी ते आतले, खोलवरचे दुखणे कमी होते, आणि त्याच वेळी इच्छा मावळते, योनीमार्ग कोरडा होतो, जळजळ सुरू होते. म्हणजे एक अडथळा निघतो तोवर दुसरा उभा राहतो. माझा नवरा या काळात फार समंजसपणे वागला, आणि त्याच्या त्या समंजसपणानेच मला कधीकधी अपराधी वाटे. एकदा तो म्हणाला, "तू नको म्हणालीस तर मला वाईट वाटत नाही. तू मनाविरुद्ध हो म्हणालीस तर वाटेल." त्या वाक्यानंतर आमच्यात बरेच काही सोपे झाले. कोरडेपणासाठी मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट मिळतात, ओटीपोटाच्या आणि श्रोणीच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपी असते, वर्षानुवर्षे दुखण्याच्या भीतीने आवळून राहिलेले ते स्नायू सैल करायला पुन्हा शिकवावे लागतात. हे सगळे उपलब्ध असते आणि विचारल्याशिवाय फारसे कोणी सांगत नाही.

या आजाराच्या औषधांचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट सतत जाणवत राहिली. १९५० च्या दशकात संप्रेरकांचे मोठे डोस देऊन गर्भारपणाची नक्कल करण्याचा उपचार आला, तेव्हा स्त्रियांनी मळमळ आणि सूज सोसली. १९७० च्या दशकात डॅनॅझॉल आले. त्याने दुखणे कमी होत असे, पण वजन वाढे, मुरमे येत, चेहऱ्यावर केस येत, आणि काहींचा आवाज जाड होऊन तो नंतरही पूर्ववत होत नसे. आवाज! एखाद्या स्त्रीने पोटातली कळ थांबावी म्हणून गोळी घ्यावी आणि फोनवर तिच्या माणसांनी तिला ओळखू नये, याचा विचार करताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. त्यानंतर जीएनआरएचची इंजेक्शने आली, आवाज वाचला, आणि इस्ट्रोजेन घटल्याने हाडांच्या झिजेचा प्रश्न उभा राहिला. औषध सुधारत गेले हे निर्विवाद आहे. पण प्रत्येक पिढीतल्या स्त्रीकडून किती सोसण्याची अपेक्षा ठेवायची, हे ठरवताना तिलाच सर्वांत शेवटी विचारले गेले, असे माझे स्पष्ट मत आहे.

ते बदलायला एक वही कारणीभूत झाली. मी रोज झोपण्यापूर्वी एकेक ओळ लिहू लागले: झोप कशी झाली, लाटा किती जोरात आल्या, मन कसे होते, कुठे दुखले, रक्तस्राव झाला का. सुरुवातीला ती केवळ मनाचा भार उतरवण्याची जागा होती. काही आठवड्यांनी पाने उलटताना दिसले की उदासीचे सर्वांत वाईट दिवस बहुतेक वेळा तुटक झोपेच्या रात्रींनंतरचे आहेत, पण सगळे नाहीत. ही वही मी पुढच्या तपासणीला घेऊन गेले आणि दुखण्याचा प्रश्न येण्याआधीच टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती शांतपणे वाचली. मग त्यांनी ॲड-बॅक थेरपीबद्दल सांगितले. तिच्यामागची कल्पना मला आजही सुंदर वाटते. शरीरातल्या सगळ्या ऊतकांना सारखेच इस्ट्रोजेन लागत नाही. हाडांना आणि मेंदूला पुरेल, पण एंडोमेट्रिओसिसच्या गाठींना पोसणार नाही, अशी एक मधली पातळी असते, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट बार्बिएरी यांनी १९९२ साली ही कल्पना मांडली. म्हणून इंजेक्शनबरोबर नॉरएथिस्टेरॉनसारखे संप्रेरक, कधी थोड्या इस्ट्रोजेनसह, परत दिले जाते. त्याने दुखण्यावरचा गुण कमी होत नाही, लाटा मात्र सौम्य होतात आणि हाडांची झीज आटोक्यात राहते. माझ्या बाबतीत लाटा पूर्ण गेल्या नाहीत, पण मी सलग झोपू लागले, आणि सलग झोपेने माझा अर्धाअधिक स्वभाव मला परत आणून दिला. ही सोय पहिल्याच इंजेक्शनबरोबर का मिळाली नाही, याचा मला राग आला आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही. पुढे अमेरिकेत २०१८ साली, इंजेक्शनऐवजी तोंडाने घ्यायची एलागोलिक्सची गोळी मान्य झाली, आणि २०२२ साली एंडोमेट्रिओसिससाठी मान्य झालेल्या रेलुगोलिक्सच्या गोळीत तर इस्ट्रॅडिओल हे इस्ट्रोजेन आणि नॉरएथिस्टेरॉन आधीपासूनच मिसळलेले असते. म्हणजे औषध देतानाच त्याच्या त्रासाची सोय त्याच गोळीत केलेली. हे वाचून मला आनंद झाला, आणि जिला हे मिळाले नाही अशा प्रत्येकीची आठवण झाली.

हाडांचे नुकसान दिसत नाही, म्हणून त्याची काळजी घ्यायला मनाला बजावावे लागते. ॲड-बॅकशिवाय ही इंजेक्शने साधारण सहा महिन्यांपलीकडे देत नाहीत ते याचसाठी. तेवढ्या काळात कण्याच्या हाडांची घनता काही टक्क्यांनी उतरू शकते आणि औषध थांबल्यावर ती बरीचशी भरून येते. मी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घेतली, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू केल्या, आणि वजने उचलायला शिकले. ज्या शरीराला वर्षानुवर्षे दुखते म्हणून जपले, त्यालाच आता जोर लावायला सांगताना आधी भीती वाटली. मग एके दिवशी वजन खाली ठेवताना जाणवले की ओटीपोटाचा विचार न करता मी वाकले आहे. असे वाकणे मला कित्येक वर्षांत जमले नव्हते.

इंजेक्शने संपली आणि डायनोजेस्ट या संप्रेरकाची रोजची गोळी सुरू झाली, २ मिलिग्रॅमची, खंड न पाडता घ्यायची. इथे लाटा नाहीत. इथे आहे ते अवेळी, थोडेथोडे अंगावर जाणे. लाल नव्हे, तपकिरी, काही दिवस थांबून पुन्हा सुरू होणारे, आज संपले म्हणावे तर उद्या पुन्हा डाग. पाळी बंद असूनही पॅड पिशवीतून कधी निघत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत हे बहुतेकींना होते आणि काळाबरोबर कमी होते, हे मला या वेळी आधी सांगितले गेले होते, म्हणून मी थांबू शकले, आणि ते खरोखरच कमी झाले. केस गळतात. स्तन कधीकधी इतके हुळहुळे होतात की पालथे झोपवत नाही. आणि मनावर एक पातळ पडदा राहतो, रडू येत नाही पण आनंदही पुरता पोहोचत नाही. झोप चांगली झाली तरी तो राहतो, हे वहीनेच दाखवले, आणि म्हणून या वेळी दोष झोपेचा नाही हे मला ठामपणे सांगता आले. गोळी रात्री घेणे, मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणे, काही महिन्यांनी फरक पडला नाही तर गर्भाशयात बसवायच्या लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या साधनाचा विचार करणे, असे आमचे ठरले आहे. त्यातून बाहेर पडणारे संप्रेरक मुख्यतः तिथल्या तिथे काम करते, रक्तात कमी उतरते. तरी ते मलाही मानवेलच असे नाही, हे मी जाणते. एकीला जी गोळी जीवदान ठरते तीच दुसरीला अंथरुणाला खिळवते, आणि दोघीही खरेच सांगत असतात.

लोक सल्ले देतात. हार्मोन्स घेऊ नकोस, शरीराचा नैसर्गिक क्रम बिघडतो, असे एक म्हणते. मूल होऊ दे, सगळे आपोआप थांबेल, असे दुसरी म्हणते. पहिलीला मी सांगते की ज्या नैसर्गिक क्रमाने मला जमिनीवर गुडघे टेकायला लावले, त्याची मला ओढ नाही. दुसरीला उत्तर देणे अवघड जाते. गर्भारपणाने हा आजार बरा होत नाही, आणि हे उपचार चालू असताना मूल होण्याचा मार्गही थांबलेला असतो. या उपचारांनी पुढची गर्भधारणा सोपी होते असेही नाही. म्हणजे दुखण्यापासून सुटका आणि मूल यांपैकी एकाच गोष्टीकडे एका वेळी जाता येते, आणि वय मात्र थांबत नाही. अंडाशयांना विश्रांती दिली आहे असे म्हणतात, पण त्या विश्रांतीच्या महिन्यांची वजाबाकी मी मनातल्या मनात करतच असते. आम्ही दोघे यावर बोलतो, ठरवतो, पुन्हा ठरवतो. कृतज्ञता आणि शोक एकाच दिवशी, एकाच गोळीबद्दल वाटू शकतात, आणि त्यांतल्या एकाने दुसऱ्याला गप्प बसवू नये असे मला फार वाटते.

गेल्या महिन्यात माझ्या मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. शस्त्रक्रिया झाली होती, इंजेक्शन सुचवले होते. "ताई, घेऊ की नको?" तिने विचारले. घे किंवा नको, यांतले काहीच मी म्हणाले नाही. काय झाले ते क्रमाने सांगितले. पहिल्या काही दिवसांत दुखणे वाढू शकते, घाबरू नकोस. लाटा येतील. ॲड-बॅकबद्दल तू स्वतः विचार, पहिल्याच भेटीत. हाडांची तपासणी विचार. मनात फार काळोख दाटला, जगणे नको असे विचार आले, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. आणि त्रास असह्य झाला तरी औषध परस्पर थांबवू नकोस, पर्याय असतात. औषध थांबल्यावर दुखणे परत येते का, असे तिने विचारले, तेव्हा मी अनेकींचे येते असेच सांगितले, कारण खोटा धीर देणे मला जमले नसते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मनाचं आणि त्या... कोरडेपणाचं डॉक्टरांशी बोलायला लाज वाटते." मी तिला म्हणाले की तेच कागदावर सर्वांत वर लिही आणि बोलता आले नाही तर कागदच त्यांच्या हातात दे. तिने ॲड-बॅक हा शब्द दोनदा विचारून लिहून घेतला. फोन ठेवता ठेवता तिने विचारले, "पहिले दोन आठवडे रजा टाकू का, ताई?"

"जमत असेल तर नक्की टाक," मी म्हणाले.